बांबोळीचा केस पेपर

मी पहिल्यांदा मानसोपचारासाठी गेले तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. तिथे कोण काय विचारतं, घरी कळवतात का, पोलीस येतात का, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का. रात्ररात्र फोनवर शोधत बसायचे. इंग्रजीत पुष्कळ सापडायचं, पण ते दुसऱ्याच देशातल्या मुलींचं असायचं, त्यांचे दवाखाने वेगळे, घरं वेगळी. मराठीत सापडायचे ते उपदेश: लवकर उठा, सकारात्मक विचार करा, मोबाइल कमी वापरा. म्हणून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करायला आलेल्या मुलीचं पुढे नेमकं काय झालं, ते मीच लिहायचं ठरवलं.

मी स्वतःला इजा कशी करत होते ते यात येणार नाही. तसलं वाचून ज्याला आधीच ओढ आहे त्याची ओढ वाढते, हे मी स्वतःवरून सांगते. आणि हे वाचणाऱ्या कुणाची आजची रात्र कठीण असेल तर बाकीचं मागाहून वाचा, आधी १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास फोन उचलतात, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते. जखम झाली असेल किंवा काही पोटात गेलं असेल तर वाट न बघता १०८.

माझ्या बाबांचा खनिज वाहणारा ट्रक. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. मध्ये थोडं सुरू झालं, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबलं. ट्रक अंगणात उभा आणि बँकेचा हप्ता मात्र चालू, अशी घरं आमच्या भागात कितीतरी होती. "तूच आता आम्हांला वर काढ" असं मला घरात कुणी कधी म्हटलं नाही. पण दहावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी पेढ्यांचा पुडा ट्रकच्या बॉनेटवर ठेवून वाटला, ते मी पाहिलं होतं. पुढे प्रत्येक परीक्षेच्या वेळी तो पुडा मला दिसायचा.

कारण तेवढंच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. डॉक्टरांनीही कधी एका कारणावर बोट ठेवलं नाही. झोप उडाली होती, कोविडच्या काळात दोन खोल्यांच्या घरात ऑनलाइन वर्ग करताना आलेला एकलेपणा तसाच राहिला होता, एक मैत्री वाईट तऱ्हेने तुटली होती. हे सगळं आत साचायचं आणि मग काही वाटेनासंच व्हायचं. त्या बधिरपणातून बाहेर यायला मी स्वतःला दुखवायचे. काही मिनिटं शांत वाटायचं. मग शरम वाटायची, आणि त्या शरमेनेच पुन्हा साचायला लागायचं.

याबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, लक्ष वेधून घ्यायला करते. दुसरी, मरायला निघाली होती. गोव्याच्या मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून प्रयोगशाळेत उभी राहणारी मुलगी कुणाचं लक्ष वेधत असते? आणि निदान सुरुवातीला तरी मला मरायचं नव्हतं, मला तो दिवस कसातरी पार करायचा होता. जगभरच्या अभ्यासांची २०१४ मध्ये एकत्र मांडणी झाली, तीत मरण्याचा हेतू नसताना कधीतरी स्वतःला इजा केलेल्यांचं प्रमाण तरुण प्रौढांत १३ टक्क्यांच्या आसपास आणि त्याहून लहान मुलामुलींत १७ टक्के निघालं. साठजणांच्या वर्गात सात-आठजण. हा आकडा मला आधी कळला असता तर वर्गात बसताना मी इतकी वेगळी पडले नसते. पण म्हणून ही गोष्ट हलकीही नाही. असं करणाऱ्यांत पुढे जिवावर बेतण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि माझ्या बाबतीतही ते विचार नंतर आलेच.

उपचारांची सुरुवात माझ्या रूममेटमुळे झाली. ती सावंतवाडीची, तिची ताई नर्स. एके संध्याकाळी तिने खोलीचं दार लावलं, माझ्या खाटेवर बसली आणि सरळ विचारलं, "तू सोताक काय करून घेतंस काय?" मी गप्प. थोडं थांबून तिने दुसरा प्रश्न विचारला, "जीव देवचो इचार येता काय तुका?" आवाज चढवला नाही, रडली नाही, माझी बाही वर करून बघितली नाही. मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं.

असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, अशी भीती पुष्कळांना असते. माझ्या शिक्षकांना होती, आईलाही होती. तसं होत नाही. या विषयावरच्या संशोधनातही तेच दिसलं आहे, आणि मला तर त्या प्रश्नाने मोकळं केलं. "बरी आहेस ना?" या प्रश्नाला "बरी आहे" एवढंच उत्तर देता येतं. तिच्या प्रश्नाला खरं उत्तर देता आलं.

तिने त्याच रात्री ताईला फोन लावला आणि ताईच्या सांगण्यावरून दोन गोष्टी केल्या. मी ज्या वस्तू वापरायचे त्या माझ्याकडून मागून घेतल्या आणि खोलीबाहेर ठेवल्या. त्या रात्री मला एकटीला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या विभागातल्या एका मॅडमकडे दोघी गेलो, त्यांनी समुपदेशकांची वेळ घेऊन दिली.

याआधी मी एका खाजगी दवाखान्यात एकटी जाऊन आले होते. तिथले डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले होते, अभ्यासाचं टेन्शन आहे, योगा कर, पुढे लग्न झालं की सगळं विसरशील. त्यानंतर कित्येक महिने मी कुणाकडे गेले नाही. समुपदेशकांच्या खोलीत शिरताना तेच मनात होतं. त्यांनी मात्र आधी मला एक गोष्ट समजावली: तू इथे जे सांगशील ते इथेच राहील, तू सज्ञान आहेस, तुझ्या परवानगीशिवाय घरी फोन जाणार नाही. अपवाद एकच, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला बोलावं लागेल, आणि तेव्हाही आधी तुला सांगेन. हा अपवाद आधीच सांगितला म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. दोन भेटींनंतर त्या म्हणाल्या, आता डॉक्टरांनी बघायला हवं, बांबोळीला जाऊया.

बांबोळी म्हणजे जीएमसी, गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, तिथे आमच्या गावचं प्रत्येक माणूस कधी ना कधी जातं. पण मानसोपचाराचं इस्पितळ वेगळं आहे, होली क्रॉसच्या जवळ. इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेव्हियर हे त्याचं लांबलचक इंग्रजी नाव कुणी घेत नाही, सगळे आयपीएचबी म्हणतात. पूर्वी ते पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर होतं आणि त्याला आबे फारियाचं नाव होतं. आबे फारिया म्हणजे कांदोळीचा १७५६ सालचा जन्म, पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजलेला पाद्री. जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे: हात पसरून उभा असलेला झगेवाला माणूस आणि त्याच्यापुढे कोसळणारी बाई. लहानपणी पणजीला गेलं की मी त्या पुतळ्याकडे बघायचं टाळायचे. मनाचा डॉक्टर म्हणजे असा, आपल्याला ताब्यात घेणारा, हे कुठेतरी तिथूनच डोक्यात बसलं असावं. बांबोळीला कुणी मला ताब्यात घेतलं नाही. खुद्द फारियाचं म्हणणंही तेच होतं, हे मला पुढे वाचताना कळलं: संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसली शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं.

ओपीडीत केस पेपर काढायचा, नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. सगळ्यांत जास्त भीती मला त्या बाकाची होती, कुणी ओळखीचं भेटलं तर? बाकावर माझ्यासारख्याच मुली होत्या, दारू सोडायला आलेले काका होते, आजीला घेऊन आलेला नातू होता, एक बाई मुलाच्या शाळेच्या वहीला कव्हर घालत बसल्या होत्या. कुणी कुणाकडे टक लावून बघत नव्हतं. एक ओळखीचे गृहस्थ मला पुढे एकदा भेटलेही. त्यांनी मान हलवली, मीही हलवली.

आधी एका तरुण डॉक्टरबाईंनी सविस्तर माहिती घेतली. झोप, भूक, वजन, पाळी, अभ्यास, घरात कुणाला असा त्रास होता का, दारू, गोळ्या, आवाज ऐकू येतात का. काही प्रश्न माझ्याशी संबंधित नाहीत असं वाटलं, पण ते सगळ्यांनाच विचारतात. मग नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली होती, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं ते सांगायचं. नववा प्रश्न मरण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याचा. तिथे मी थांबले. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सावकाश. इथे हे रोज ऐकतो आम्ही, तुझं उत्तर ऐकून कुणी धावाधाव करणार नाही."

मी आधी उलट विचारलं, पोलिसांना कळवणार का? गावात कुणीतरी म्हटल्याचं मी ऐकलं होतं की असं काही केलं तर गुन्हा होतो आणि मग सरकारी नोकरी मिळत नाही. त्यांनी सांगितलं की स्वतःला इजा करते म्हणून उपचाराला येणं हा गुन्हा नाहीच. आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसालाही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, शिक्षा करायची नसते, उलट त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलंच नाही. आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा रुग्णाचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. मी नवव्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

मग वरिष्ठ डॉक्टरांनी बघितलं. निदान नैराश्याचं निघालं. एक गोळी सुरू झाली. दाखल करून घ्यावं लागेल का, हाही माझा प्रश्न होता. त्यांनी मलाच विचारलं की आज रात्री तू सुरक्षित राहशील असं तुला वाटतं का आणि सोबत कोण आहे. बाहेर बसलेल्या रूममेटला, माझ्या परवानगीने, आत बोलावलं. तिच्याशी बोलून झाल्यावर ठरलं की दाखल करायची गरज नाही, पण लवकर परत यायचं.

गोळ्यांबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते लिहिते. पहिल्या दिवसांत मळमळ होते, माझी झोपही जास्तच बिघडली. मनावर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, आणि तोवर गोळी चालत नाही असंच वाटत राहतं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांना सुरुवातीच्या काळात अस्वस्थता किंवा नको ते विचार वाढू शकतात, म्हणून लवकर परत बोलावतात. ती भेट चुकवू नये. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळी एकदम बंद करू नये. माझ्या गोळ्यांचं पाकीट सुरुवातीचे काही महिने रूममेटच्या कपाटात असायचं. ती मला थोड्याथोड्या दिवसांच्या मोजून द्यायची. मला ते आधी अपमानाचं वाटलं होतं, पण डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

गोळीने काय झालं? पाय टेकायला जमीन मिळाली, एवढंच. चालायला शिकले ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे गोळ्या न देता बोलण्यातून उपचार करणाऱ्या मॅडमच्या खोलीत.

तिथे पहिल्यांदा आम्ही एक कागद भरला, सुरक्षा योजना. सगळं बिघडायच्या आधी काय होतं ते लिही, म्हणाल्या. मी लिहिलं: मेसमध्ये न जेवता परत येते, फोन पालथा ठेवते, आईचा फोन उचलत नाही. मग एकटी असताना काय करू शकते. मग जिथे गेल्यावर त्रास न सांगताही थोडं बरं वाटतं अशी माणसं आणि जागा: मी लायब्ररीचा तळमजला आणि दोनापावलाकडे उतरणारा रस्ता लिहिला. मग ज्यांना खरं सांगता येतं त्यांची नावं आणि नंबर. मग डॉक्टर, हेल्पलाइन. शेवटी, खोलीत कोणत्या वस्तू नकोत आणि त्या कुणाकडे राहतील. माझ्या अक्षरात, माझ्या शब्दांत लिहायला लावलं. एक प्रत रूममेटकडे, एक माझ्या ओळखपत्राच्या मागे घडी करून.

स्वतःला दुखवायची ती उर्मी आली की दर दहा मिनिटांनी वहीत तिला शून्य ते दहा आकडा द्यायचा, दुसरं काही करायचं नाही, असा एक गृहपाठ होता. मला आलेख काढायची सवय, मी आलेखाच्या कागदावरच मांडलं. नऊ, नऊ, आठ, मग पुन्हा नऊ, मग सात, पाच, तीन. पहिल्यांदा तो उतार बघितला तेव्हा मी कागद घेऊन मॅडमकडे धावत जाणार होते. मला ठाम वाटायचं की मी काही केलं नाही तर ती उर्मी चढतच जाईल. ती चढत जात नाही. अर्ध्या-पाऊण तासात उतरतेच, तेवढा वेळ काढायचा असतो. तो काढायला थंड पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखायला शिकवलं. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, पाण्यात बुडी मारणाऱ्या सगळ्या प्राण्यांच्या शरीराची ती रीत आहे. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे करावं. हॉस्टेलच्या बाथरूममधली बादली आणि कूलरचं पाणी माझ्या उपयोगी पडलं.

ही तंत्रं डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी नावाच्या पद्धतीतली. अमेरिकेतल्या मार्शा लाइनहन यांनी ती तयार केली. आपण स्वतः सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात दाखल होतो आणि स्वतःला इजा करत होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ बोलले नाही. ज्या बाईंनी आमच्यासाठी हे शोधलं त्या आमच्यातल्याच होत्या.

आणखी एक गोष्ट इथलीच निघाली. मॅडम मला आठवड्याचं वेळापत्रक करायला लावायच्या: अमुक वेळी मेसमध्ये चौघींबरोबर जेवणं, अमुक वेळी चालायला जाणं, रविवारी चित्रं काढणं. मन लागेल तेव्हा करीन असं म्हणायचं नाही, आधी करायचं, मन मागून येतं. मला ते फार साधं, जवळजवळ पोरकट वाटलं आणि मी तसं बोलून दाखवलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की पर्वरीच्या संगाथ संस्थेने हीच पद्धत गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर तपासून बघितली आहे, सहा ते आठ भेटी, आणि त्या देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. रुग्णांना फरक पडला. ते संशोधन २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आपल्याच तालुक्यांतल्या, आपल्यासारखंच आरोग्य केंद्राच्या रांगेत बसणाऱ्या माणसांवर उपयोगी पडलेली गोष्ट आहे म्हटल्यावर मी वेळापत्रक भिंतीवर लावलं.

घरी सांगायचं राहिलं होतं. त्याचीही तयारी मॅडमबरोबर केली: काय सांगायचं, काय आत्ता सांगायचं नाही, आई रडली तर काय, बाबा उठून गेले तर काय. चवथीला घरी गेले. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आलं होतं, आई मागच्या पडवीत बसून नारळ निवडत होती. मी शेजारी बसून ठरवलेली वाक्यं बोलले: मला नैराश्याचा आजार आहे, मी स्वतःला दुखवत होते, आता बांबोळीला उपचार घेते आणि फरक पडतो आहे. आईचं माहेर बांद्याचं, घाबरली की तिची बोली माहेरची होते. बराच वेळ हातातला नारळ तसाच धरून ती म्हणाली, "माका आधी कित्याक सांगूक नाय गो?" मग तिने कित्येक वर्षांनी माझ्या केसांना तेल लावलं.

मला भीती होती ती पुढची. आईने सातेरीच्या देवळात प्रसाद लावायचं, म्हणजे देवीचा कौल घ्यायचं ठरवलं. आता हे बाहेरचं आहे म्हणतील, गोळ्या बंद करायला लावतील, असं मला वाटलं. आई देवळातून परतली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. "उजवो दिल्यान देवीन. जा तू डॉक्टराकडे, खंडू नको." उजवा म्हणजे होकार. तिने देवीला प्रश्नच तो विचारला होता, पोरीने हे उपचार करावेत का. त्यानंतर आजीनेही कधी विरोधाचा शब्द काढला नाही. पुढच्या भेटीत हे सांगितलं तेव्हा मॅडम आनंदाने म्हणाल्या, आईला म्हणावं मी नमस्कार सांगितलाय.

बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. पण मी हॉस्टेलवर परत निघाले त्या दिवशी स्टँडपर्यंत सोडायला आले आणि बस सुटताना खिडकीशी येऊन विचारलं, "गोळ्या कितीक दिवसांच्या आसत?" तेव्हापासून दर महिन्याला त्यांचा त्याच प्रश्नाचा फोन येतो. पुढे एकदा दोघं मॅडमना भेटायला आले. मॅडमनी त्यांना समजावलं की मुलगी घरी आली की तिचे हात तपासत बसू नका, तोंडाने विचारा, आणि ती हो म्हणाली तर ओरडू नका. बाबांनी विचारलं, "आमचां काय चुकलां?" मॅडम म्हणाल्या की हा प्रश्न आता बाजूला ठेवूया, तिला आज काय लागतं ते बघूया. बाबांचे खांदे तेव्हा खाली आले.

हे सगळं एका दिशेने सरळ गेलं नाही. सेमिस्टरच्या परीक्षेच्या दिवसांत एकदा पुन्हा इजा झाली. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं, आता मॅडम हात टेकतील. त्यांनी जखमेची नीट काळजी घेतली का ते आधी विचारलं. मग कागद काढला आणि म्हणाल्या, साखळी मांडूया. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, एकेक कडी. आदल्या रात्री झोप नाही, सकाळी चहावर राहिले, पेपरात एक प्रश्न लिहायचा राहिला, बाहेर आल्यावर सगळे उत्तरं ताडून बघत होते, खोलीत रूममेट नव्हती, फोन पालथा. कुठली कडी सोडवता आली असती? मी म्हटलं, पेपरनंतर उत्तरं ताडायला उभी राहायला नको होतं. पुढच्या पेपरांना मी उत्तरपत्रिका देऊन थेट कँटीनमध्ये गेले, आणि रूममेटचा पेपर असेल त्या दिवशी लायब्ररीत थांबले.

वणांचं काय करायचं हे मी अजून ठरवते आहे. घरी आणि मैत्रिणींत आता अर्ध्या बाह्यांचे कपडे घालते. बाहेर कुणी विचारलं तर "जुनं आहे" एवढंच सांगायचं, हेही मॅडमबरोबर ठरवलेलं. ज्यांना ती दिसतात त्यांना एक विनंती आहे: बघून न बघितल्यासारखं केलंत तरी चालेल, पण चारचौघांत हात धरून "हे काय?" म्हणू नका.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मी ते वाचलं आणि मनात आलं, त्या समुपदेशकाच्या खोलीचं दार कुठे उघडतं हेही बघा. एका कॉलेजात ती खोली ऑफिसच्या खिडकीसमोर असल्याचं मी पाहिलं आहे. फी भरायच्या रांगेतल्या सगळ्यांना आत कोण गेलं ते दिसायचं. तिथे कोण जाणार? आणि फक्त समुपदेशक नेमून भागत नाही. मला आधी गाठलं ते शेजारच्या खाटेवरच्या मुलीने. हॉस्टेलच्या मुलामुलींना, वॉर्डनना, मेसच्या मावशींना तो सरळ प्रश्न विचारायला शिकवा आणि हो म्हटल्यावर कुठे न्यायचं ते सांगून ठेवा. प्रथमोपचाराइतकंच ते शिकवता येण्याजोगं आहे.

सध्या माझा डोस डॉक्टरांनी कमी करत आणला आहे. मॅडमना भेटायला आता पूर्वीइतकं वारंवार जावं लागत नाही. एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. ती उर्मी अजून कधीकधी येते, मी आलेखाचा कागद काढते.

बांबोळीला जाणार असाल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा, पहिल्या भेटीला वेळ लागतो. ओळखपत्र, आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि पाण्याची बाटली न्या. जमलं तर गप्प बसून राहू शकेल असं एक माणूस सोबत घ्या. जी गोष्ट सांगायला सगळ्यांत जड वाटते ती कागदावर लिहून न्या आणि बोलवत नसेल तर तो कागदच डॉक्टरांच्या हातात द्या. पणजीहून बसने जात असाल तर शटलमध्ये चढू नका, ती थेट मडगावला जाते. साध्या मडगाव बसच्या कंडक्टरला बांबोळी म्हणून सांगा.